धार लावून कुठे मिळेल?

सुऱ्या, कात्र्या, विळ्या यांच्या धारेबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी पत्ता विचारला आहे. पत्त्याआधी धार लावणारा नेमकं काय करतो हे कळायला हवं, म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेत असताना सायकलवाला धारवाला गल्लीत यायचा. आता बाणेरला मोठ्या सोसायटीत आलो, तर त्याला गेटवरच अडवतात. शहरात चांगला धारवाला शोधायचा कसा? एकाकडे दिली होती, पण दोन दिवसांत धार गेली. (एक वाचक, पुणे)

ज्याचं पोट धारेवर चालतं त्याला विचारा. मटणवाला, मासेवाली, शिंपी, लग्नाची जेवणं करणारा आचारी यांपैकी कुणालाही बोथट हत्यार परवडत नाही, आणि ते स्वतः चाक घेऊन बसत नाहीत. पुण्यात कॅम्पातलं शिवाजी मार्केट किंवा मंडईचा परिसर, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट अशा ठिकाणी गर्दी ओसरल्यावर जा आणि ‘तुमच्या सुऱ्यांना धार कोण लावतं?’ एवढंच विचारा. दुसरी वाट हार्डवेअरच्या बाजारातून जाते. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी. तिथला दुकानदार धार लावत नसेल, पण दगड आणि चाकं विकत असेल तर धारवाले हे त्याचं गिऱ्हाईक असतं.

सोसायटीचं म्हणाल, तर एका सुरीसाठी कुणी बाणेरपर्यंत येणार नाही. वीस घरांच्या मिळून साठ वस्तू जमल्या तर येईल. तीन-चार महिन्यांतून एक रविवार ठरवा, गेटच्या आत सावलीची जागा आणि बादलीभर पाणी द्या, नगाचा भाव आधी ठरवा.

आता माणूस पारखण्याबद्दल. त्याच्या शेजारी पाणी आहे का, ही पहिली खूण. लोहार पात्याला ‘पाणी देतो’ म्हणजे तापवून विझवतो आणि हवा तेवढा कडकपणा राखतो. कोरड्या चाकावर पातं तापलं की तेच पाणी उतरतं. दुकानातलं सहा इंची विजेचं चाक मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतं. त्यावर सुरी दाबून धरली तर कडेचा पातळ भाग काही सेकंदांत तापतो. साध्या पोलादावर साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, २६० ला तपकिरी, ३०० च्या सुमारास निळा. धारेलगत निळा पट्टा दिसला तर तेवढं पोलाद मऊ झालं असं समजा. तो पट्टा घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकणार नाही. स्टेनलेसवर हे रंग आणखी वरच्या तापमानाला उमटतात, त्यामुळे स्टेनलेसची सुरी निळी करून देणाऱ्याकडे दुसरी सुरी देऊ नये. कसबी माणूस चाकावरून एक-दोन हात मारतो, पातं पाण्यात बुडवतो, बोटाने कड चाचपतो आणि मग पुढचा हात मारतो.

सायकलवाल्याला लोक उगाच कमी लेखतात. स्टँडवर उभी केलेली सायकल, मागच्या चाकावरून पट्टा आणि पुढे छोटा दगड. पायाने फिरणारं हे चाक विजेच्या चाकापेक्षा हळू चालतं, म्हणून पातं कमी तापतं. त्याची अडचण निराळी आहे. दगड भरड असतो आणि बारीक दगडावरचं शेवटचं काम बहुधा होतच नाही. तुमची धार दोन दिवसांत गेली त्याचं कारणही बहुतेक हेच. चाकावर घासताना कडेचं पोलाद पापुद्र्यासारखं पलीकडे वळतं. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. ही बर सुरुवातीला छान कापते, टोमॅटोतून सुरी सरसर जाते, आणि मग ती मुडपते किंवा तुटून पडते. खाली उरते ती बोथट कड. सुरी हातात आली की तिथेच कापसाचा बोळा पात्याच्या पाठीकडून धारेकडे दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवा. तंतू अडकले तर बर शिल्लक आहे. ‘बारीक दगडावर मारून द्या’ असं तिथल्या तिथे सांगा. त्याच्याकडे बारीक दगड नसेल, तर सुरी घरी आणून चिनी मातीच्या कपाच्या तळाच्या खरखरीत कडेवर दोन्ही बाजूंनी आठ-दहा हलके हात मारले तरी बरीचशी बर निघते.

आणखी एक. सुरी देण्याआधी ती कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची कड गिरवून ठेवा. परत आल्यावर त्याच कागदावर ठेवून बघा. टोक गोल झालं असेल, मुठीजवळ खळगा पडला असेल किंवा एका फेरीत दोन मिलिमीटर रुंदी गेली असेल, तर तो माणूस धार लावत नाही, सुरी खातो. पहिल्यांदा अर्थातच जुनी, टाकाऊ सुरी द्यायची.

प्रश्न : मोठा सुरा पिशवीत घालून धारेसाठी नेताना पोलिसांनी अडवलं तर? (एक वाचक, दादर)

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते धारदार शस्त्रांच्या वर्गात येतं, पण घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे स्वयंपाकाच्या सुऱ्याला परवाना लागत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावाराच्या, मोर्चांच्या दिवसांत हत्यारं बाळगण्यावर मनाई आदेश निघतात, त्या दिवसांत नेऊ नका. इतर वेळी पात्यावर दुमडलेला पुठ्ठा घाला, वर चिकटपट्टी लावा, सुरा कागदात गुंडाळा आणि पिशवीच्या तळाशी ठेवा. मेट्रोने जाऊ नका, तपासणीत अडकाल. परत येताना धार ताजी असते. तेव्हा पुठ्ठा आणखी महत्त्वाचा, कायद्यापेक्षा मांडीसाठी.

प्रश्न : माझी १० इंची कापडाची कात्री धार लावून आणली, तेव्हापासून ती कापड चावते. पातळ कापड दोन पात्यांत दुमडून अडकतं. पुन्हा धार लावू का? (एक शिवणकाम करणारी वाचक, डोंबिवली)

अजून लावू नका. आधी कात्री उजेडाकडे धरून बंद करा. चांगल्या कात्रीची पाती सरळ नसतात. ती किंचित बाकदार असतात आणि आतल्या बाजूने खोलगट घासलेली असतात. त्यामुळे बंद केल्यावर सांध्यापासून टोकापर्यंत मध्ये बारीक फट दिसते आणि पाती टोकाशी टेकतात. कात्री उघड-मीट करताना कुठल्याही क्षणी ती एकाच बिंदूत एकमेकींवर घासतात आणि तो बिंदू पुढे सरकत जातो. कात्रीचं कापणं म्हणजे एवढंच.

तुमच्या तक्रारीची दोन कारणं संभवतात. पहिलं साधं आहे, सांधा सैल झालेला असेल. एक कडी धरून कात्री आडवी उघडा आणि दुसरी कडी सोडून द्या. पातं धाडकन मिटलं तर सांधा सैल, जागचं हललंच नाही तर फार घट्ट. अर्ध्या वाटेत येऊन थांबलं पाहिजे. स्क्रू असेल तर पाव फेरा आवळा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि ओला टिश्यू पेपर मुठीपासून टोकापर्यंत कापून बघा. रिव्हेट असेल तर ती हातोडीने हलके ठोकून बसवावी लागते. हे काम धारवाल्याकडूनच करून घ्या, घरी केल्यास सांधा जाम होतो.

दुसरं कारण वाईट आहे. धारवाल्याने आतली बाजू चाकाला लावली असेल. कात्रीची धार फक्त बाहेरच्या उतरत्या कडेवर लावायची असते. आतल्या बाजूची बर सपाट बारीक दगडावर एक-दोन हलक्या हातांनी काढतात, याहून जास्त तिथे काही करायचं नसतं. आतला खोलगटपणा गेला की पाती एकमेकींना चिकटून सरकतात आणि मध्ये सापडलेलं कापड दुमडतं. फट दिसत नसेल तर हेच झालं आहे. अशी कात्री फक्त कात्र्यांचंच काम करणाऱ्याकडे न्यायला हवी, तो पात्यांना पुन्हा बाक देतो. असा माणूस शिवणाचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारून मिळतो, भाजीबाजारात नाही.

कात्री मेरठची असेल तर दुरुस्तीवर खर्च करायला हरकत नाही. जुन्या गाड्यांच्या पोलादापासून बनणाऱ्या त्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या पुन्हा पुन्हा धार लावून वापरण्यासाठीच बनवलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या कड्यांची स्वस्त कात्री असेल तर नवीनच घ्या. नागमोडी कापणारी कात्री कुठल्याही साध्या चाकावर देऊ नका, तिचे दात एकमेकांत बसणं बंद होईल. केशकर्तनाची कात्रीही इथे नाही, ती सलूनचं सामान विकणाऱ्यांमार्फतच द्यायची.

प्रश्न : मुलाने जपानहून सांतोकू सुरी आणली. वर्षभराने ती बोथट झाली आहे आणि एके ठिकाणी टवका उडाला आहे. ठाण्यात किंवा मुंबईत कुणाकडे द्यावी? (एक वाचक, ठाणे)

चाकवाल्याकडे मुळीच नको, मग तो कितीही कसबी असो. आपल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्यांची कठिणता रॉकवेल मापावर साधारण ५४ ते ५८ असते, जपानी सुऱ्यांची बहुधा ६० च्या वर. कठीण पोलाद पातळ धार धरतं, पण ठिसूळ असतं. तुमचा टवका गोठलेल्या मांसाने, नारळाच्या करवंटीने किंवा लाल भोपळ्यात सुरी फिरवून काढल्याने उडाला असेल.

मुंबईत जपानी जेवण देणारी हॉटेलं आहेत. तिथले शेफ बहुधा स्वतःच धार लावतात, पण बाहेर कोण चांगलं काम करतं हे त्यांना ठाऊक असतं. काही कारागीर आता घरून सुरी नेतात किंवा कुरियरने मागवतात. फोनवर तीन गोष्टी विचारा. ओल्या दगडावर हाताने लावता का? धार किती अंशांची ठेवाल? शेवटचा दगड कितीचा? (दगडाचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक.) ‘हो, बाजूला १५ अंश, १००० वर लावून ३००० किंवा ६००० वर संपवतो’ अशा धर्तीचं उत्तर आलं तर सुरी द्या. ‘मशीनवर पाच मिनिटांत करून देतो’ म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. सांतोकूला दोन्ही बाजूंनी धार असते. तुमच्या सुरीची एक बाजू पूर्ण सपाट असेल तर ती निराळ्या जातीची आहे, तेही आधीच सांगा.

टवका एक मिलिमीटर खोल असेल तर संपूर्ण कड तेवढी खाली आणावी लागते, नुसता टवका भरून निघत नाही. हे काम भरड दगडावर तास-दीड तास चालतं, म्हणून त्याचे पैसे वेगळे सांगितले तर कुरकुर करू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या आतला टवका तसाच ठेवला तरी चालतो, पुढच्या धारांत तो हळूहळू आपोआप जातो.

टवका निघून आल्यावर पुढची धार घरीच लावायला शिका. एक १००० चा दगड पुरे. जपानी पद्धतीचा सच्छिद्र दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पाण्यात ठेवा. ओट्यावर ओलं फडकं, त्यावर दगड. आता कोन. कोनमापकाची गरज नाही, पात्याची रुंदी मोजा. ती ४५ मिलिमीटर असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात. (साध्या स्टेनलेस सुरीला २० अंश चालतात, तेवढ्याच रुंदीला पाठ १५ मिलिमीटर उचला.) तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची घडी करून पाठीखाली ठेवून बघा, हाताला ती उंची कळली की घडी काढून टाका.

डाव्या हाताची दोन बोटं धारेच्या अगदी मागे पात्यावर टेकवा. दाब फक्त तिथेच आणि सुरी पुढून मागे ओढताना द्यायचा, उलट जाताना हात सैल. बोटांखालचीच कड घासली जाते, म्हणून बोटं टोकाकडून मुठीकडे सरकवत न्या. दगडावर काळपट चिखल जमेल, तो धुऊ नका, काम तोच करतो. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला नखाने हलकेच चाचपलंत तर बर लागेल. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. पंचवीस हात इकडे, पंचवीस तिकडे असं मोजून करणाऱ्यांची सुरी मध्येच कापते आणि टोकाला अडते. दोन्हीकडे बर आली की दाब कमी करत पाच-पाच, मग तीन-तीन, मग एक-एक हात मारा. शेवटी वर्तमानपत्राची घडी दगडावर ठेवून त्यावरून धार मागे येईल अशी सुरी दहा वेळा ओढा.

मग सुरी धार वर करून दिव्याखाली धरा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चकाकते, धारदार कड दिसतच नाही.

दगडही झिजतो, मधोमध खोलगट होतो. चार-पाच वेळा वापरल्यावर त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट फरशीवर २२० चा वॉटरपेपर ओला करून ठेवा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा.

प्रश्न : आमची जुनी आदोळी आहे, पुढे खवणी असलेली. पणजीत धार लावणाऱ्याने ‘वळणात दगड जात नाही’ म्हणून परत दिली. खवणीचे दातही गेले आहेत. (एक वाचक, पणजी)

तो खरं बोलला आणि परत दिली, म्हणजे माणूस चांगला आहे. आदोळीचं (घाटावर विळीचं) पातं जिथे आत वळतं तिथे सपाट दगड किंवा मोठं चाक दोन्हीकडच्या कडांवर टेकतं आणि मधली जागा कोरी राहते. जबरदस्ती केली तर वळण सरळ होत जातं. इथे होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता दगड लागतो, विळे-खुरप्यांना गवत कापणारे वापरतात तो. शेतीच्या अवजारांच्या दुकानात मिळतो. यात फिरतो दगड, पातं नाही. पाट पायाखाली घट्ट धरा, दगड ओला करा आणि धारेच्या मागून, बोटं धारेच्या रेषेच्या खाली ठेवून, वळणाबरोबर तिरका फिरवत न्या. दुसऱ्या बाजूने फक्त बर काढा.

स्वतः करायचं नसेल तर बाजारात जिथे कोयते, विळे विकायला बसतात तिथे विचारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा. विकणारा लोहाराशी जोडलेला असतो. जुनं पातं साध्या पोलादाचं असेल तर लोहार त्याला नवं पाणीही देऊ शकतो, शहरातल्या धारवाल्याकडे ती सोय नसते.

खवणीला चाक लावू नका. चार इंची बारीक त्रिकोणी कानस घ्या. दोन दातांमधल्या प्रत्येक खाचेत, एकाच दिशेने, तीन-तीन हात. सगळ्या खाचांत हात सारखेच मोजा, नाहीतर काही दात उंच राहतील आणि खोबऱ्याचा कीस न निघता तुकडे निघतील. गंजलेली खवणी आधी चिंचेने घासून घ्या, कानस गंजात भरते.

प्रश्न : मिक्सरच्या भांड्यात जाडं मीठ फिरवलं की पात्यांना धार येते म्हणतात. खरं का? (एक वाचक, नाशिक)

नाही. मीठ पोलादापेक्षा मऊ असतं. पात्याला चिकटलेला मसाल्याचा थर निघतो आणि फरक पडल्यासारखा वाटतो. कोरड्या मसाल्याची पाती मुळात बोथटच असतात, ती ठेचून बारीक करतात. गल्लीतला धारवाला ही पाती घासून देतो, पण एका पंखाचं वजन कमी-जास्त झालं की भांडं थरथरतं, खालचा बुश झिजतो आणि तिथून पाणी गळायला लागतं. चटणी नीट होत नसेल तर पात्यांचा जोडच बदलून घ्या.

प्रश्न : आमच्या केटरिंगमध्ये तीसेक सुऱ्या आहेत. भोसरीला टूल ग्राइंडिंगची वर्कशॉप्स आहेत, त्यांच्याकडे एकगठ्ठा दिल्या तर? (एक व्यावसायिक वाचक, चिंचवड)

त्या वर्कशॉपकडे ड्रिल, कटर, कागद कापण्याच्या मशीनची लांब पाती, रंध्याची पाती द्या. सरळ पातं ते मशीनवर बांधून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक घासतात. भाजी चिरण्याच्या यंत्राची सरळ पातीही तिथे उत्तम होतील. सुरीची कड मात्र गोलाई घेत टोकाकडे जाते, ती हातानेच फिरवावी लागते.

तीस सुऱ्यांसाठी धारवाला तुमच्याकडे यायला हवा, महिन्यातून ठरलेल्या दिवशी, लग्नसराईत पंधरा दिवसांनी. सुऱ्यांचे दोन संच करा, मुठींना दोन रंगांच्या पट्ट्या लावा, एक संच धारेला असताना दुसरा कामात राहील. ब्रेडच्या दातेरी सुऱ्या त्या गठ्ठ्यात मिसळू नका, चाकावर दात साफ होतात आणि नंतर विचारून उपयोग नसतो. रोज काम सुरू करण्याआधी स्टीलच्या सळईवर प्रत्येक सुरीचे पाच-पाच हलके हात मारायला मुलांना शिकवा. सळई धार लावत नाही, मुडपलेली कड सरळ करते, पण तेवढ्यानेच धारवाल्याची फेरी बरीच लांबते. आणि कोथिंबीर परातीत चिरणं बंद करा. स्टीलच्या परातीवर घासून सकाळची धार दुपारपर्यंत संपते, मग दोष धारवाल्याला मिळतो.